साठीचे अडतीस

बाबांचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा मी आधी त्या प्रोग्रामला मनसोक्त शिव्या घातल्या. मग उघडून बघितला. तो मीच लिहिलेला होता.

नियम सरळ होता. मूत्रपिंड हवं असलेल्यांच्या यादीत साठ वर्षांपर्यंतची माणसं घ्यायची. मी लिहून ठेवलं होतं, वय < 60 असेल तर आत, नाहीतर बाहेर. तिथे <= हवं होतं. माझ्या चिन्हाने नेमका साठचा माणूस बाहेर पडत होता. तपासणाऱ्याने एकोणसाठ टाकून पाहिलं, एकसष्ट टाकून पाहिलं आणि चहाला जाता जाता 'ओके' ठोकलं. साठ टाकून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे तपासणी म्हणतात ती हीच. किळस येते.

साठ वर्षांचे अडतीस जण बाहेर फेकले गेले होते, त्यात बाबा. यादी पाच वाजता बंद होणार होती. मी साहेबांकडे धावले.

साहेब दात कोरत होते. "दुरुस्ती म्हणजे वरून मंजुरी. आठवडा जाईल. शिवाय आपण चुकलो हे लेखी द्यायचं? वेड लागलंय का तुला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "वडिलांचं नाव हाताने टाक. मी काही बघितलं नाही."

"आणि बाकीचे सदतीस?"

"आलंय का कुणी विचारायला?"

काडीला लागलेलं त्यांनी निरखून पाहिलं आणि परत तोंडात घातलं.  जागेवर येऊन मी बाबांचं नाव टाकलं. फक्त बाबांचं.

बाबांना सांगितलं, कागदात चूक होती, निस्तरली.

दुसऱ्या दिवशी ते डायलिसिसला पडून होते. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ रडवेले झाले होते. "मीही साठचाच हो. मला नाही म्हणाले."

"तुमचं दुसरं काहीतरी कारण असेल," बाबा समजुतीने म्हणाले. "मशीन काही कुणाचं तोंड बघून ठरवत नाही. माझी लेकच करते ते काम. विचारा हवं तर तिला."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं.