विमलची नयन

पोटच्या लेकीनं आईची वस्तू न विचारता उचलावी आणि सासूच्या ओटीत टाकावी, हे कुठल्या रीतीत बसतं ते शकुबाईला कोणीतरी सांगावं. दागिना असता तर तिनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं, दागिना पुन्हा घडवता येतो. नयननं गाणं नेलं होतं.

घाटंजीजवळच्या त्या गावात शकुबाईचा शब्द खाली पडत नसे. कापूस कधी वेचायला घ्यायचा इथपासून कोणाच्या घरी सोयरीक करायची इथपर्यंत माणसं तिला विचारून जात. शाळा दुसरीपर्यंत, पण जीभ वकिलाची. अशा बाईचं एकच दुखरं ठिकाण होतं. तिला आपल्या आईचा चेहरा आठवत नसे.

आई, हंसाबाई, शकू लहान असतानाच गेली. माहेरी, मुकुटबनकडे, तेव्हा फोटो कोण काढत होतं? मागं राहिलं ते भुलाबाईचं एक गाणं. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत रोज दिवेलागणीला पोरी तिच्यापुढं टाळ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात झाकलेली खिरापत ओळखतात. गाण्यात आई आपल्या गावाचं, आपलं आणि लेकीचं नाव गुंफते. हंसाबाईनं गुंफलं होतं:

मुकुटबनच्या वाटेनं धूळ उडे गं,
हंसाची शकू माही पुढं पळे गं.

या ओळी संथ, जात्याच्या चालीवर म्हटल्या की शकुबाईला आधी भाजलेल्या तिळाचा वास येई. मग बांगड्यांचा हात दिसे, मग नाकातली चमकी, आणि शेवटच्या 'गं'पाशी पुरता चेहरा, वरचा एक दात जरा पुढं आलेला. गाणं थांबलं की चेहरा जाई. तिला पाठ असलेल्या दुसऱ्या कुठल्याच गाण्यानं तो येत नसे. म्हणून ते गाणं ती भुलाबाईच्या दिवसांतच आणि एकटी असली तरच म्हणायची.

नयनला मात्र तिनं ते दिलं होतं, हळद लागलेले तिचे हात हातात धरून. "तुह्या लेकीले शिकवजो. तवा माह्या जागी तुहं नाव येईन, हंसा अन् मुकुटबन तसंच ठेवजो. पण चारचौघांत नाचवू नको. यात माही माय हाये."

नयन बाभुळगावला दिली. सासू विमलताई तिथल्या महिला मंडळाची अध्यक्ष. यंदा यवतमाळला भुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा झाली, बाभुळगावचा पहिला नंबर आला, आणि शकुबाईची सून प्रेरणा हिनं कौतुकानं मोबाइल पुढं केला. "पाहा ना आई, ताई कशा छान म्हणून राह्यल्या."

झगझगीत मंच. कीबोर्ड, ढोलकी, एकसारख्या साड्यांतल्या बाया. मधोमध नयन, हातात माइक. चाल अशी पळत होती, जणू कुत्रं मागं लागलं.

बाभुळगावच्या वाटेनं धूळ उडे गं,
विमलची नयन माही पुढं पळे गं.

पहिल्या रांगेत विमलताई रुमालानं डोळे टिपत होती.

शकुबाईनं मोबाइल परत दिला. "चांगलं हाये," एवढंच म्हणाली आणि शेतातल्या बायांसाठी चहाचं आधण ठेवायला गेली.

त्या संध्याकाळी ती भुलाबाईपुढं एकटी बसली. डोळे मिटून पहिली ओळ म्हटली. तिळाचा वास आला नाही, ढोलकी आली. दुसऱ्या ओळीला विमलताईचा रुमाल आला. चाल संथ धरायला जावं तर जीभच पळू लागे. दुसऱ्या दिवशी सोयाबीन सोंगणाऱ्या बायांच्या मोबाइलवरही तेच. "मावशी, नयनताईचं गाणं लय गाजून राह्यलं." कपाशीत दूर जाऊन तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. आई काही आली नाही. नातवंडं झालेल्या बाईची आई दुसऱ्यांदा मेली होती, आणि या खेपेला सुतक धरायलाही कोणी नव्हतं.

कोजागिरीच्या दुपारी नयन आली ती बक्षिसाची ढाल घेऊनच. शकुबाई तीळ निवडत होती.

"कोणाची हायेस वं तू?"

"म्हणजे?"

"साधं इचारलं. गाण्यात तं विमलची हायेस."

नयन हसली, मग आईचं तोंड पाहून थांबली. "आई, म्हणणारी आपलं नाव घालते, हे तूच शिकवलं."

"आपलं घालते. माय बदलत नाही."

"सासूबाईले लेक नाही वं. आपरेशन झाल्यापासून बोलतही नव्हत्या कोणासंगं. म्हटलं, एका नावानं काय बिघडते?"

"अन् मंचावर काय सांगतलं? गाणं कोणाचं म्हणून?"

नयननं ढाल खाली ठेवली. "सासूबाईच्या घरचं आहे, असं बोलल्या गेलं. निवेदन करणाऱ्या बाईनं एकदम इचारलं, तोंडातून निघून गेलं."

"निघून गेलं. मुकुटबन निघून गेलं, हंसा निघून गेली."

प्रेरणा दारातून म्हणाली, "आई, तुम्ही जुन्या चालीत म्हणा ना. गाणं तं आहेच."

"म्हणून पाह्यलं, पोरी." शकुबाईनं सूप बाजूला सारलं आणि नयनकडे पाहिलं. "डोये मिटले का तुही सासू दिसते मले. माही माय येत नाही आता. तुले सांगतलं होतं, त्यात माय हाये. तुले वाटलं, बुढी उगाच बोलते."

नयनचे डोळे भरले. "मी तो व्हिडिओ काढून टाकाले लावतो आई. पुढच्या साली तुह्या नावानं म्हणतो, मंचावरच."

"मोबाइलातून काढशीन. माह्या कानातून कोण काढन?"

दिवेलागणीला गल्लीतल्या पोरी जमल्या. भुलाबाईपुढं दिवा लागला. नयन नेहमीसारखी पुढं बसली आणि पहिली ओळ उचलायला तिनं तोंड उघडलं, तशी शकुबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नयन, तुले घरातून काढत नाही मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दिवाळीले ये, चार दिवस राह्य, साडीचोळी घेऊन जाय. पण या भुलाबाईपुढं तू आता पाहुणी. पोरी म्हणतीन, तू टाळी दे. गाणं म्हणाचं नाही."