झाकणाच्या आतली खूण

"बापाची खूण म्हणजे काय जमिनीचा तुकडा आहे का रे, तुझ्या एकट्याच्या नावावर असायला?" असं म्हणून दाजीनं चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून आत पडलं. त्यानं बोट घालून ते काढलं, आणि बोट चाटलं.

भिंग्यानं त्या बोटावरून नजर काढून घेतली.

घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून लावून त्याच्या भुवईखाली कायमचा वळ पडला होता, म्हणून तो भिंग्या. चाळिशी आली तरी भिंग्याच. दुकान वडिलांचं, टेबल वडिलांचं, खूणही वडिलांचीच. घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आत सुईनं बारीक खूण करून ठेवायची त्यांची पद्धत. दोन टिंबं आणि वर आडवी रेघ. हे मी उघडलंय, बिघडलं तर माझ्याकडे या, एवढाच तिचा अर्थ. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आणि काल ती खूण भिंग्याला सापडली चार महिन्यांच्या एका नव्या घड्याळात.

घड्याळ होतं बसच्या ड्रायव्हरचं. वडिलांच्या वेळचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं ते रुमालात गुंडाळून काउंटरवर ठेवलं आणि बाही वर केली. मनगटावर हिरवट गोल, मधली कातडी सोललेली, कडेनं पाणी येतंय. "तुझ्या शब्दावर घेतलं बाबा," एवढंच म्हणाला. भिंग्यानं पातं घालून झाकण उचललं आणि तोंड फिरवलं. आतून वास आला, सडलेल्या फडक्याचा. पाणी रोखायला रबराची रिंग असते, तिच्या जागी गोंदाचा ओघळ. मशीन प्लास्टिकचं, मोकळं, टिचकी मारली की डबीतल्या खड्यासारखं वाजणारं. घाम आणि मळ मिळून झालेला हिरवा लगदा त्यानं कापसानं पुसला, तर खालून ती दोन टिंबं आणि रेघ. हातानं केलेली नाही, मशीननं छापलेली.

सगळ्यात घाण भाग पुढचा होता. ते विकलं होतं भिंग्यानंच. दाजीनं, ताईच्या नवऱ्यानं, घड्याळांचा ब्रँड काढला तेव्हा एक घड्याळ त्याला हातात घालायला दिलं होतं. ते मिरवत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसला, घ्या, घरचंच आहे. दिवसभर परक्यांची घड्याळं उघडणाऱ्या माणसानं मेव्हण्याचं तेवढं उघडलं नव्हतं. नात्याला पातं कसं लावायचं, म्हणून.

तर आता तो दाजीच्या ऑफिसात उभा होता. ऑफिस कसलं, लाँड्रीच्या वरची एक खोली, छतापर्यंत खोकी, खालून इस्त्रीची वाफ. भिंतीवर वडिलांचा मोठा फोटो, खाली लिहिलेलं, 'आमचे संस्थापक'. फोटोत वडिलांच्या अंगात काळा कोट होता.

"बाबांना कोट कुणी घातला?"

"कॉम्प्युटरनं," ताई म्हणाली. ती कोपऱ्यात बसली होती, पुढ्यात चार फोन. "शोभतोय ना?"

"तू काय करतेयस?"

"थांब जरा, म्हातारी लिहितेय. हिला नातवानं घड्याळ दिलंय, हिचे डोळे भरून आलेत." ती टाइप करत राहिली. "असे चौदा जण बनवलेत मी, नेटवर अभिप्राय लिहायला. एक नर्स आहे, तिचं राहिलंय अजून."

"सगळे चांगलंच लिहितात?"

"वेडा आहेस का. सगळी गोड लिहिली की लोकांना वास येतो. दर तिसऱ्याला मी जरा कुरकुरायला लावते. पट्टा कडक आहे, खोकं उशिरा आलं. मग बाकीचं खरं वाटतं."

हे ती सहज सांगत होती, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. भिंग्याला वाटलं, हात धुवावेत कुठंतरी.

"ताई, खूण तू दिलीस ना यांना?"

"दिली. लग्नात बाबांनी मला घड्याळ दिलं, त्यात होती. तुला दुकान मिळालं, मला तेवढं एक घड्याळ. माझ्या वाट्याचं मी काहीही करीन. बाबा माझेपण होते."

यातलं काही खोटं नव्हतं. लहानपणी तो बाहेर उंडारायचा तेव्हा वडिलांच्या शेजारी बसून मोहरीएवढे स्क्रू लावायची ती ताई. हात तिचाच स्थिर होता. दुकान मात्र पोराला मिळालं. आणि तोच हात आता खोट्या म्हातारीचे डोळे भरून आणत होता.

"भांडण पुरे," दाजी म्हणाला. "चार वाजता व्हिडिओवाला येतोय. नवीन स्वस्त ब्रँड कुठला खरा, कुठला नुसता लेबल चिकटवलेला, हे तो सांगतो आणि लोक डोळे मिटून ऐकतात. तू हा एप्रन घालून बस. या ट्रेमधलं एक घड्याळ उघड आणि म्हण, वडिलांच्याच हातचं काम आहे. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

भिंग्यानं ट्रेमधलं एक उचललं. वजनाला जड. उघडलं तर आत चांगलं मशीन, चांगली रिंग.

"हे वेगळं आहे."

"असणारच. ही बारा दाखवायची."

"आणि खोक्यातली?"

"विकायची. पाहुण्याला काय फुटक्या कपात चहा देतोस तू?"

"पाहुणा चहा पिऊन जातो दाजी. हे माणसाच्या हातावर राहतं."

"मोठा आला हरिश्चंद्र. स्वतः विकताना कुठं गेला होतास?"

ते बरोबर बसलं. भिंग्यानं गपचूप एप्रन घातला. दाजीला वाटलं, आला वाटेवर.

व्हिडिओवाला चारच्या आधीच आला. काडीसारखा पोरगा, गळ्यात हेडफोन, बोलायला एकदम गोड. आल्या आल्या त्यानं ट्रेमधल्या घड्याळाच्या काचेवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मण्यासारखा उभा राहिला, पसरला नाही. "काच भारीतली आहे," तो कॅमेऱ्याला म्हणाला. दाजीची छाती फुगली. मग पोरानं कॅमेरा भिंग्याकडे वळवला. "काका, तुम्ही इतकी वर्षं घड्याळं उघडताय. या किमतीत, या ब्रँडवर, माणसानं विश्वास ठेवावा का?"

भिंग्यानं खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला.

"भिंग्या, नको," ताई हळूच म्हणाली.

"हे याच ब्रँडचं. खोक्यातलं. चार महिने वापरलेलं. याच्यावर टाका थेंब."

पोरानं टाकला. थेंब काचभर पसरला.

"आता याचा वास घ्या." भिंग्यानं मागचं झाकण उचललं.

पोरानं नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागं झाला. "शी."

"बंद कर ते," दाजी म्हणाला. कॅमेरा बंद झाला नाही.

"ट्रेमधली बारा वेगळी आहेत," भिंग्या म्हणाला. आवाज चढला होता, त्यानं तो मुद्दाम खाली आणला. "तो फोटोतला माणूस माझा बाप. त्यानं एकही ब्रँड काढला नाही, जन्मात कोट घातला नाही. आत छापलेली खूण त्याची आहे, काम त्याचं नाही. आणि ही घड्याळं मी न उघडता माझ्या गिऱ्हाइकांना विकली. ते माझं पाप."

ताईनं हातातला फोन पालथा ठेवला. "हे बाहेर गेलं तर आम्ही रस्त्यावर येऊ, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"आणि तरी?"

"हे ज्याचं घड्याळ, त्या ड्रायव्हरचं मनगट बघ एकदा जाऊन. मग मला विचार."

दाजी खोक्यांना टेकून खाली बसला होता. तोंडातून शिव्या येत होत्या, पण एकाही शिवीत दम नव्हता. व्हिडिओवाला मात्र खुलला होता. डोळे असे चमकत होते की जणू कुणी त्याला ताट वाढून दिलंय.

"काका, जबरदस्त झालं," तो म्हणाला. "एकदा परत घेऊ या का? खिडकीपाशी, उजेडात. वडिलांचं बोलताना जरा थांबा, गळा भरून आल्यासारखं. आणि ताईंनी मागं रडलं तरी चालेल."

भिंग्यानं त्याच्याकडे बघितलं. यालाही मनगटाचं काही पडलेलं नव्हतं.

त्यानं एप्रन काढून खुर्चीवर टाकला, रुमालाची गाठ मारली.

"एकदाच काका, दोन मिनिटं."

"नाही. ड्रायव्हरची बस पाचला सुटते, त्याच्या आत त्याला गाठायचंय. मग ज्यांना ज्यांना विकलं त्यांची दारं. मला आता निघायला हवं."