तिसऱ्यांदा विचारलं तर

दिघोरीत पाहुण्यानं पहिल्याच हाकेला पोह्यांची बशी उचलली, तर तो अधाशी ठरतो. आधी "नको, नको", मग "कायले तरास", आणि घरच्यांनी तिसऱ्यांदा बशी पुढं सरकवली की मगच हात घालायचा. नंदिनी याच रीतीत वाढली. नर्सिंग झालं, लाखांदूरला सुखराम सरांचा इंग्रजीचा क्लासही झाला. आपल्याला काय आवडतं, काय हवं, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सरांनी चांगलं घोटून घेतलं होतं. चहा की कॉफी, बस की रेल्वे, पोरगी झोपेतही बिनचूक सांगायची. पण क्लासातल्या चहा-कॉफीत कोणाचं काय जातं!

आज भंडाऱ्यात एका खासगी दवाखान्याची मुलाखत होती. एक शाखा इथं, दुसरी नागपूरला. नंदिनीला नागपूर हवं होतं, मनापासून हवं होतं. नवजात बाळांचा विभाग तिथंच होता, आणि शिकताना तिचा जीव रमला तो बाळांतच. पण तिचे बाबा, लिलाधर, येताना बसच्या कंडक्टरलाही सांगत होते, "पोरगी भंडाऱ्यातच लागते आता. रोज घरी येणं-जाणं होते." ती खिडकीबाहेर बघत होती.

मुलाखत झकास झाली. शेवटी मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "भंडारा की नागपूर? तुम्हाला काय आवडेल?"

"कुठंही चालेल, मॅडम," नंदिनीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, तेही चांगल्या इंग्रजीत. आणि पोरगी हसून वाट बघत बसली, दुसऱ्यांदा विचारण्याची. मॅडम कसल्या विचारतात! "मग भंडारा," म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलीसाठी बेल वाजवली.

झालं. इथं कोणी आग्रह करणार नव्हतं. नंदिनी दारापर्यंत गेली, कडीला हात लावला, पण पाय पुढं पडेना. एका "नको नको"पायी आता वर्षानुवर्षं मन मारायचं? ती वळली.

"मॅडम, आय वुड प्रिफर नागपूर." आणि पुढचं मराठीतच सांगून टाकलं, "बाळांच्या वॉर्डात."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मग आधीच सांगायचं ना. तिथं माणसं कमीच आहेत. एक तारखेला या."

बाहेर बाकावर लिलाधर खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर घेऊन बसले होते. नंदिनीनं एका दमात सांगितलं, नागपूर मिळालं, मीच मागितलं. मग मान खाली घालून उभी राहिली.

लिलाधरांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "बरं झालं, बाई. मले तर वाटे तुनं नागपूरलेच जावं. पण तू कधी बोललीच नाही. म्हटलं, पोरीले घर सोडवत नसन. म्हणून भंडारा-भंडारा करून राहिलो होतो."

"मंग तुमी काहून नाही बोलले?"

"तुनं इचारलं कुठं?"

नंदिनीला हसू आलं आणि डोळेही भरले. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. समोर टपरीवर कढई तापली होती.

"चहा घेता, बाबा?"

"नको, नको," लिलाधर सवयीनं म्हणाले.

नंदिनी नुसती बघत राहिली. दुसऱ्यांदा काही तिनं विचारलं नाही.

"घेतो," लिलाधर म्हणाले. "अन् संगं आलूबोंडाही सांग."