मेरेआनाचा नवा चिमटा

"पूर्ण चौदा सेंटिमीटर दबणारा चिमटा बसव. दुकानातला सगळ्यात मऊ," मेरेआना म्हणाली.

ग्लेनिसने सायकल दुकानातल्या स्टँडवर चढवून पुढचं चाक आणि त्याला धरून धक्के झेलणारा जुना चिमटा काढला. "दहा वर्षं हेच सांगतेय तुला. तेव्हा म्हणायचीस, कडक चिमटाच बरा."

"तेव्हा मनगटं बरी होती. हात चालव गं, तोंड नको."

मेरेआनाला एका जागी उभं राहवत नव्हतं. ती दारापर्यंत जाई, परत येई. न्यूझीलंडमधल्या रोटोरुआच्या जंगलातल्या सायकलवाटा तपासणं हे तिचं काम. रोज पहाटे ती वाट उतरायची. कुठे मूळ वर आलंय, कुठे माती वाहून गेलीय, ते हँडलवरच्या तळहातांना कळायचं. मग फावडं घेऊन परत चढायचं. एकवीस वर्षांत तिचे हात चुकले नव्हते. पण आता कपाचा कानही धरवेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, धक्के कमी करा, नाहीतर सायकल सोडा.

नवा चिमटा घेऊन पहिल्या उतारावर ती मोठ्याने हसली. मुळं, दगड, काही जाणवलंच नाही. चार दिवस मनगटं ठणकली नाहीत. चारही दिवस तिने वहीत लिहिलं, 'वाट ठीक.'

शनिवारी तिसऱ्या वळणावर एक शिक्षिका सायकलवरून पडली. मेरेआना धावत पोहोचली, तेव्हा ती नेच्यांत बसून खांदा धरून कण्हत होती.

"तुम्ही मेरेआना ना? तुमची वाट चांगलीच आहे हो. माझंच लक्ष नव्हतं."

मेरेआनाने वळणाकडे पाहिलं. खालची माती वाहून जाऊन मूळ वीतभर वर आलं होतं. सकाळी ती स्वतः त्याच्यावरून गेली होती.

"जुना परत बसव," दुकानात शिरताच ती म्हणाली.

"तो भंगारात गेला. आणि असता तरी बसवला नसता. हातांकडे बघ जरा."

"हातांचं सोड! मला वाटच कळेनाशी झालीय, ग्लेनिस."

ग्लेनिसने पंप आणला. चिमट्यात हवा भरून तो कडक केला. मेरेआना जंगलात एक फेरी मारून आली. दुखणं परत आलं होतं, तळहातांना वाट कळणं मात्र आलं नव्हतं.

"आता?" ग्लेनिसने विचारलं.

"आता काय! पाय आहेत ना."

सोमवारी ती पायीच निघाली. सायकलवर पाऊण तासाची वाट, पायी चार तास लागणार होते. दर दहा पावलांवर ती वाकून बघत होती.

"मावशी, बाजूला!" मागून आरोळी आली. "सायकल कुठंय?"

"घरी. आराम करतेय."

ती कडेला सरली. तिघं सायकलस्वार सपकन खाली गेले, त्यांच्या मागून चौथी हसत हात हलवत गेली. मेरेआनानेही हात हलवला. चाकांचा आवाज झाडांत विरेपर्यंत ती ऐकत उभी राहिली. मग वाटेवर आली आणि चालू लागली.