डावा बूट

ताईच्या दुकानात नुसते पैसे नेऊन भागत नसे. जुने बूट बरोबर न्यावे लागत. ते ती उलटे करून खिडकीशी नेई, तळ कुठे झिजलाय, टाचेला की चवड्याला, आतून की बाहेरून, हे अंगठा फिरवून बघे, आणि मग गिऱ्हाइकाला अनवाणी करून एका पायावर उड्या मारायला लावी. भल्याभल्यांनी त्या फरशीवर लंगडी घातली होती. एका वकिलाने तर कोट काढून घातली, आणि नेमका त्याचा अशील बाहेरून काचेला नाक लावून बघत होता. तोंडावर ताईचा विश्वास नव्हता. पळणारी माणसं डॉक्टरशी खोटं बोलतात, बायकोशी बोलतात, आणि बूट विकणाऱ्याशी तर अगदी मन लावून बोलतात. उडी मारताना पायाला खोटं बोलता येत नाही, एवढाच तिचा आधार. नडगी दुखत असेल, पोटरी धरत असेल, तर त्या माणसाला शर्यतीचे बूट मिळत नसत. मिळे तो उपदेश. तो मात्र फुकट.

या नियमातून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

धाकटा सुतार होता. दिवसभर दुसऱ्यांची कपाटं उभी करायची आणि पहाटे पळायचं, हे त्याचं तरुणपणापासून चाललेलं. कामावर त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, ‘अहो, तो दरवाजा घासतोय’ एवढंच. पळणाऱ्यांच्या क्लबात मात्र त्याला ‘तुफान’ म्हणत. केस पिकायला लागले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तुफान तुफानच राहिलं. माणूस कुठल्या नावाला जागतो ते सांगता येत नाही. हा त्या नावाला जागत होता.

मागच्या मोसमात त्याच्या डाव्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली. पायात ताईनेच निवडून दिलेले शर्यतीचे बूट होते. डॉक्टरांनी दोष नीट वाटून दिला होता: घाई थोडी, जादा पळणं बरंच, वय थोडं, आणि झालाच तर बूट. ताईने सगळा दोष स्वतःच्या खात्यावर ओढून घेतला. तेव्हापासून ती त्याला रुंद, जड, दणकट बूट देई. तो त्यांना ट्रॅक्टर म्हणे. हलके, वेगाचे नवे बूट आले तेव्हा तिने सांगितलं की नऊ नंबर आलेलाच नाही, माल बंदरात अडकलाय.

आता रविवारी एकवीस किलोमीटरची शर्यत होती. तिच्यावरून क्लबाचा संघ ठरणार होता. कप्तानाने तुफानाला बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगितलं होतं की यंदा संघात बसलास तर बसलास, पुढच्या वर्षी तुझी जागा तरुण पोरांना द्यावी लागेल. धाकट्याने हे ताईला सांगितलं नाही. कप्तानाच्या बायकोने सांगितलं. ती मोजे घ्यायला आली होती.

गुरुवारी दुपारी धाकटा दुकानात आला. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गल्ल्यावर वर्तमानपत्र पसरून बसले होते. धाकट्याने त्यांना नमस्कार केला, ताईला बरी आहेस ना विचारलं, आणि कुणी न मागता पिशवीतून जुने बूट काढून पुढे ठेवले. ताईच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. पायऱ्या तो अगदी ताठ चढला होता. इतकं ताठ कुणी उगाच चढत नाही.

तिने बूट उलटे करून खिडकीशी नेले. दोन्ही तळ टाचेच्या बाहेरच्या बाजूला झिजले होते, उजवा डाव्याइतका आणि डावा उजव्याइतका, अगदी जुळ्या भावांसारखे. तिने अंगठा फिरवला. मग परत फिरवला.

“कुठला पेपर वापरलास?” तिने विचारलं.

“कसला पेपर?”

“पॉलिश पेपर. आधी जाड, मग बारीक. टेबलाला करतोस तसं. कडासुद्धा मारल्यास, कुणाला लागू नयेत म्हणून.”

दाजींचं वर्तमानपत्र किंचित खाली आलं. धाकट्याने आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. रस्ता रबराला चावे घेतो, ओरखडे काढतो, एक बाजू खातो आणि एक ठेवतो. एवढं साफ काम रस्ता करत नाही, आणि एक पाय दुखत असला तर दोन तळ असे सारखे झिजतही नाहीत. खोटं करायला बसला तरी या माणसाला वाईट काम जमेना.

“सवय,” तो म्हणाला. कबुलीही तीच आणि सबबही तीच.

पण लाज वाटून गप्प बसेल तर तो ताईचा भाऊ कसला. तो उठला, मोज्यांच्या फळीशी गेला, पुढचे गठ्ठे बाजूला केले आणि मागून एक खोकं ओढून काढलं. खोक्यावर नऊचा आकडा होता.

“बंदरातून सुटलेला दिसतोय माल,” तो म्हणाला.

ताईने गल्ल्याकडे पाहिलं. दाजींना एकाएकी हवामानाच्या बातमीत फार गोडी वाटू लागली. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असूनही तिने खोकं त्यांच्या देखत लपवलं होतं, ही चूक तिचीच. तर बहीणभावांचा हिशेब असा बरोबरीत आला. याचा एक घासलेला तळ, तिचं एक लपवलेलं खोकं. फक्त पाय एकाचाच होता.

मग दोघांची जुंपली, हळू आवाजात, कारण दोघेही दुकानाची अब्रू जपणारे. ताई म्हणाली की मला फसवून तू काय मिळवणार होतास. तो म्हणाला की समोरच्या मोठ्या दुकानात गेलो असतो तर एव्हाना घरी पोहोचलो असतो, तिथे पायाकडे बघतसुद्धा नाहीत. ती म्हणाली, मग जायचं होतंस.

“तूही बघत नाहीस, ताई. स्वतःच्या भीतीचं माप घेतेस आणि ते माझ्या पायात घालतेस.”

ते खरं होतं. वकिलाला जिने उड्या मारायला लावल्या, तिने सख्ख्या भावाच्या नडगीला तेव्हापासून बोट लावलं नव्हतं. दुखेल तिथे दाबायचं, आणि दुखलं तर काय, या विचाराने तिचा हात पुढेच होत नव्हता. न बघताच तिने निकाल देऊन टाकला होता, आणि त्याचं नाव काळजी ठेवलं होतं.

“मोजे काढ,” ती म्हणाली.

तिने खोकं उघडून बूट बाकावर ठेवले आणि प्रथमच त्याला सगळं सरळ सांगितलं. बूट वाईट नाहीत. मऊ फोमचा उंच थर, आत कडक पट्टी, माणसाला पुढे ढकलतात. पण उंचावर तोल सांभाळायचं काम घोट्याला, पोटरीला, नडगीला करावं लागतं. धडधाकट पाय ते पेलतो. तुझ्यासारख्या पायाला रुंद बुडाचा, कमी उंचीचा बूट बरा, आणि तोही आधी सरावात थोडाथोडा घालून बघितलेला. नवा बूट शर्यतीच्या सकाळी कधीच नाही.

“तरी उड्या मार. डावा पाय बरा असला तर हे बूट मी माझ्या हाताने बांधून देईन. नसला तर ट्रॅक्टर घालूनही रविवारी जायचं नाही. कबूल?”

धाकट्याने कबूल केलं. उजव्या पायावर त्याने सहज उड्या मारल्या, वर दाजींना डोळाही मारला. मग तो डाव्या पायावर उभा राहिला.

नुसता उभाच राहिला. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिच्या चाकांचा आवाज लांब जाईपर्यंत तो तसाच होता. मग त्याने एक उडी मारली. टाच खाली आलीच नाही, बोटांनी फरशी घट्ट धरली, आणि हात आपोआप आरशाला टेकला. आरशात त्याचा चेहरा ताईला दिसला आणि तिने नजर खाली घेतली.

“दुखतंय,” तो म्हणाला.

ताई गुडघ्यावर बसली. तिने नडगीवरून अंगठा हळूहळू खाली आणला. एका जागी त्याचा श्वास अडकला. जागा जुनीच होती. पळतानाच दुखतं का, तिने विचारलं. आधी पळतानाच, तो म्हणाला. आता पडल्या पडल्याही. दाजींनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

आपलं म्हणणं खरं ठरल्याचा ताईला आनंद झाला असेल असं कुणाला वाटलं, तर त्याने तिचा दुसरा हात बघायला हवा होता. तो मघापासून नव्या बुटाच्या नाड्या सैल करत होता. धाकटा नीट उडी मारेल अशी तिला आशा होती.

कप्तानाला फोन धाकट्याने स्वतः केला. “रविवारी माझं नाव काढ,” म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, बुटांचा काही दोष नाही. पाय.” मग तो बराच वेळ ऐकत राहिला, “हो, त्यालाच घे, चांगला पळतो पोरगा,” म्हणाला, आणि फोन खिशात घालायचा विसरून तसाच हातात धरून बसला. तुफान म्हणून त्याला आता कोण हाक मारणार होतं, हा प्रश्न त्या दुकानात कुणी काढला नाही. ताई एवढंच म्हणाली की उद्या डॉक्टरकडे ती बरोबर येणार. तो नको म्हणाला नाही, यावरून तिला दुखणं किती आहे ते कळलं.

निघताना त्याने खोक्याकडे बोट दाखवलं. “हे तरी देतेस?”

ताईने थोडा विचार केला. डावा बूट उचलून तिने गल्ल्याखालच्या खणात ठेवला, उजवा खोक्यात घालून झाकण लावलं आणि खोकं त्याच्या हातात दिलं.

“आणि डावा?”

“डाव्या पायावर तोंड वाकडं न करता उड्या मारशील त्या दिवशी.”

“अर्ध्या जोडाचं बिल मी कसं करू?” दाजींनी विचारलं. बहीणभाऊ दोघांनीही त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

धाकटा हसला खरा, पण हसू ओठांपाशीच राहिलं. पायऱ्या तो लंगडत उतरला. येताना चोरलेला पाय जाताना त्याने उघड ओढत नेला, खोकं काखेत धरून, कोपऱ्यावर वळेपर्यंत.

ताईने खणातून बूट काढून खिडकीशी नेला. सवयीने उलटा केला आणि तळावर अंगठा फिरवला. तळ कोरा होता, कडांना अजून धार होती.