आत कोणी आहे का?

मी एक जुने पितळी कुलूप आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, कुलपाने तोंड बंद ठेवावे असे म्हणतात. आजवर ठेवले, आज नाही ठेवणार.

माझा जन्म कुलपांच्या कारखान्यात झाला. पितळ परदेशातून यायचे. ते ओतून, कानशीने घासून, पोटात स्प्रिंगची कमान बसवून मला घडवले. माझी किल्ली घासली ती कारखान्यातल्या मावशींनी. साऱ्या किल्ल्या त्याच घासत. मला विकले नाही, कारखान्याच्याच दारावर लावले. गिऱ्हाइके मला तळहातावर घेऊन वजन पाहत आणि "वा!" म्हणत. मी फुगून जात असे.

आमच्याकडे एक बोल वर्ज्य होता. "कारखान्याला कुलूप लागलं" असे कोणी म्हणायचे नाही. कुलपाच्या कारखान्याला कुलूप, यापेक्षा अभद्र ते काय! संध्याकाळी मावशी म्हणत, "दार मिटते हं." त्याआधी आत डोकावून ओरडत, "आत कोणी आहे का?" एकदा एक मांजर कोंडले गेले होते, तेव्हापासूनची ही सवय.

मग बाजारात परदेशी कुलपे आली. टिनपाट, पण स्वस्त. मालक काळजीत पडले. अशात रेडिओवर बातमी लागली की देशी उद्योगांच्या संरक्षणासाठी परदेशी पितळावर आयात शुल्क, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर, वाढवला आहे. यंत्रांच्या खडखडाटात मालकांना 'पितळी मालावर' ऐकू आले.

"मावशी, वाचलो आपण! आता ती परदेशी कुलपं महागणार!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी मला राखेने घासून लखलखीत केले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आले आणि पितळ उघडे पडले. कर पितळावर होता, कुलपांवर नव्हता! देशातल्याच एका बड्या पितळ गिरणीने तो मागून घेतला होता. बाहेरचे पितळ महागताच तिनेही आपले भाव चढवले. आमचा कच्चा माल महाग झाला आणि परदेशी तयार कुलपे खुशाल आत येत राहिली. याला संरक्षण म्हणतात? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आमचा माल घेणारा घाऊक व्यापारी म्हणाला, "मालक, कुलूप तुमचंच चांगलं. पण गिऱ्हाईक आता वजन बघत नाही, किंमत बघतं."

मालक सरकारी कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "धोरण देशाच्या भल्याचं आहे."

"मग आम्ही कुठल्या देशात राहतो, साहेब?" मालकांनी विचारले. साहेबांनी घड्याळ पाहिले.

शेवटी यंत्रे विकली गेली. जागा त्याच व्यापाऱ्याने गोदामासाठी घेतली. गोदाम कशाचे? परदेशी कुलपांचे! मला काढून भंगाराच्या टोपलीत टाकले. भंगारवाल्याचे डोळे चमकले. "पितळाला सध्या भाव आहे!" दारावर असताना कोणी विचारले नाही, भंगारात मात्र मी महाग झाले. संताप येईल नाही तर काय?

मावशींनी मला टोपलीतून उचलले. "हे नाही मिळायचं," त्या म्हणाल्या आणि मला पिशवीत टाकले.

व्यापाऱ्याने कडीत नवे परदेशी कुलूप अडकवले. तेवढ्यात मावशी सवयीने पुढे झाल्या आणि ओरडल्या, "आत कोणी आहे का?"

"आता कोण असणार, मावशी?" म्हणत व्यापाऱ्याने कुलूप दाबून बंद केले.

मावशींनी पिशवीवरून मला चाचपले. मग म्हणाल्या, "लागलं हो कुलूप."

तो बोल मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मोठे होऊन देशाच्या दाराला कराचे कुलूप लावायला बसेल. जरूर लावा. मी कुलूपच आहे, नको कसे म्हणेन? पण त्याआधी एकदा आत डोकावून ओरडा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.