सुमतीबाईंचा हात

हाताखाली काहीतरी हललं आणि सुमतीबाई थांबल्या. रुचिताच्या बेंबीच्या डाव्या अंगाला त्यांनी दोन बोटं टेकवली आणि दुसऱ्या हाताने पलीकडून अगदी हलकं दाबलं. कातडीखालून एक लाट आली, बोटांना लागली आणि परत गेली. दुधाच्या भरलेल्या पिशवीवर बोट ठेवलं की होतं, तसं. परवा आल्या होत्या तेव्हा हे नव्हतं.

दुखतंय का, असं त्यांनी विचारलं. रुचिता म्हणाली, दुखत नाही, पण जड वाटतंय आणि तेवढा भाग गरम लागतोय. मग कोपरावर जरा उठून तिने विचारलं, "नॉर्मल आहे ना हे? सोमवारी जॉइन व्हायचंय मला."

सुमतीबाईंनी हात बाजूला घेतला. चार वर्षं शस्त्रक्रियेनंतरच्या मालिशचं काम करताना एक गोष्ट त्या पक्की शिकल्या होत्या. पाणी असं एका जागी साठून डुचमळायला लागलं की मालिश थांबवायची आणि पेशंटला डॉक्टरांकडे न्यायचं. त्यात आपली हुशारी चालवायची नाही.

रुचिताची लायपोसक्शनची शस्त्रक्रिया होऊन आज दहावा दिवस होता. पोट आणि कमरेच्या बाजूंची चरबी काढली होती. बदलापूरच्या सासरी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं, खरं काय ते तिथं फक्त नवऱ्याला ठाऊक. विश्रांतीला ती कोपरीला आईकडे आली आणि नीलाताईंनी लेकीचं बाळंतपणच काढायला घेतलं. कानाला रुमाल, पायात मोजे, खोलीचा पंखा बंद. तिसऱ्या दिवशी त्या डिंकाचे लाडू वळायला बसल्या, तेव्हा रुचिताने हात जोडले. जी चरबी काढायला एवढा खटाटोप केला, ती आठवड्यात परत भरू नकोस, म्हणाली.

सुमतीबाईंना नीलाताईंनीच मागून घेतलं होतं. जिथं शस्त्रक्रिया झाली त्या क्लिनिकमध्ये घरी येऊन मालिश करणाऱ्या तिघी होत्या, पण नीलाताईंचं म्हणणं, आम्हाला आमच्या सुमतीबाईच हव्यात. एकतीस वर्षांपूर्वी नीलाताई डोंबिवलीला माहेरी बाळंत झाल्या, तेव्हा त्यांना आणि या रुचिताला न्हाऊमाखू घालायला सुमतीबाईच यायच्या. तेवीस वर्षांची पोर, नुकती सासूच्या हाताखाली तयार झालेली. त्यांची सासू बायजा म्हणजे डोंबिवली पश्चिमेतलं मोठं प्रस्थ. बाळंतीण कळवळली नाही तर मालिश झालीच नाही, असा तिचा हिशोब. सुनेच्या हातातही तिने तोच जोर उतरवला होता. त्या जोरावर सुमतीबाईंनी सत्तावीस वर्षं संसार ओढला आणि मुलाला आयटीआय केलं.

मग बाळंतिणींची कामं कमी झाली आणि एका ओळखीतून नौपाड्यातल्या या क्लिनिकमध्ये शिरकाव झाला. पहिल्याच बाईची मांडी त्यांनी संध्याकाळपर्यंत काळीनिळी करून ठेवली. जित्याची खोड ती, हात दाबल्याशिवाय राहीना. डॉक्टर विनिताने घरी जायला सांगितलं. दुसरी असती तर तोंड लपवून बसली असती. सुमतीबाईंनी महिन्याची मुदत मागून घेतली. रोज सकाळी गार झालेल्या दुधावरची साय त्या बोटाच्या टोकाने पातेल्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे न्यायच्या. साय सरकली पाहिजे, फाटता कामा नये. मुलगा हसायचा, आईला खूळ लागलं म्हणायचा. महिन्याने त्या परत गेल्या आणि डॉक्टरांच्या स्वतःच्या दंडावर हात चालवून दाखवला. कातडीखालचं पाणी जांघेकडे, काखेकडे नुसतं वाट दाखवून न्यायचं असतं, त्याला ढकलायचं नसतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईने आपला हात बदलून घेतला, याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

आता त्यांनी रुचिताकडे नीट पाहिलं. कमरेवर आडवा लाल वळ होता, गाठीचा. डॉक्टरांनी दिलेल्या पट्ट्याला तर गाठ नसते. कातडीला तिळाच्या तेलाचा वास होता आणि त्या तर तेल वापरतच नव्हत्या. ओठ सुकून त्यांना पापुद्रे सुटले होते. लघवीचा रंग विचारला तर रुचिता म्हणाली, हळदीसारखा.

"माझ्यामागं कोण हात लावतं?" त्यांनी विचारलं.

रुचिताने दाराकडे पाहिलं. "आई. रोज संध्याकाळी. मी नको म्हटलेलं तिला."

नीलाताई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी काही लपवलंही नाही. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटतच नव्हतं. डॉक्टरांचा पट्टा रात्री काढून त्या नऊवारीची पट्टी कचकचून बांधत होत्या. गरम तेलाने रगडत होत्या. आणि पाणी दिवसाला एक तांब्या, ओवा घालून उकळलेलं. अंगाला सूज आहे म्हणजे पाणी साठलंय, मग वरून आणखी ओतायचं कशाला?

"तुमचा हात हल्ली लागतच नाही, सुमतीबाई," त्या मायेनेच म्हणाल्या. "वय झालं तुमचं, मी काय बोलणार. म्हटलं, आपणच करावं."

"पण हे सांगितलं कोणी तुम्हाला?"

"म्हणजे काय? तुम्हीच की." नीलाताईंना गंमत वाटली. "माझ्या वेळी तुम्ही काय काय केलंत, सगळं पाठ आहे मला. पोट कसं बांधायचं, कुठं अंगठा रोवायचा. आणि पाणी तोडायचं, नाहीतर अंगात मुरतं, हे तुमचंच वाक्य. मी काही विसरले नाही."

सुमतीबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. पेरलं तेच उगवलं होतं आणि तेही दुसऱ्याच्या लेकीच्या पोटावर. त्यांना लाज वाटली, पण लाजेला नंतर वेळ होता. आज हे पाणी काढलं नसतं आणि त्यात पू झाला असता तर पोरीच्या पोटाला चीर द्यावी लागली असती.

त्यांनी क्लिनिकला फोन लावला. फोनवर बसणारा सलिल म्हणाला, आज सगळ्या वेळा भरल्यात, तुम्ही सिटिंग पूर्ण करा आणि पेशंटला उद्या आणा.

"सिटिंग होणार नाही. आम्ही निघालोय. तिथं बाकावर बसू, पण आजच दाखवू," असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

नीलाताई आडव्या आल्या. ओल्या बाळंतिणीसारखी पोर, तिला रिक्षात घालून पुलावरच्या खड्ड्यांतून कुठं नेता? सुमतीबाईंनी वाद घातला नाही. डॉक्टरांचा पट्टा चढवला, ग्लासभर पाणी रुचिताच्या हातात दिलं आणि तिला चपला घालायला सांगितल्या. रिक्षात बसेपर्यंत नीलाताईही पिशवी घेऊन शेजारी येऊन बसल्या होत्या.

क्लिनिकमध्ये पाऊण तास थांबावं लागलं. मग डॉक्टर विनिताने तपासलं आणि सुई घातली. पिवळसर, तांबूस पाणी सिरिंजमध्ये येत राहिलं. एक भरली, दुसरी भरली, तिसरी अर्धी झाली. अजून पू झाला नव्हता. आणखी दोन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाली. रगडल्यामुळे आतले चिकटू पाहणारे थर सुटले होते आणि त्या पोकळीत पाणी भरलं होतं. सोमवारचं जॉइनिंग दहा दिवस पुढं ढकलायचं होतं. मीठ कमी, पाणी भरपूर, दर तासाला चार पावलं चालणं. मग तिने हातमोजे काढले आणि चढ्या आवाजात विचारलं, "एवढं जोरात कोणी चोळलं हिला?"

नीलाताईंचा चेहरा उतरला.

"माझी शिकवण आहे ती," सुमतीबाई म्हणाल्या. "यांना मीच शिकवलेलं. आणि परवा मला तेलाचा वास आला होता, तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं. पेशंटच्या घरच्यांना काय शिकवायचं याचे क्लिनिकचे नियम कडक होते, ते दोघींनाही माहीत होते. उद्या सकाळी येऊन भेटा, एवढंच म्हणून तिने कागदावर काहीतरी लिहिलं. सुमतीबाई बरं म्हणाल्या. एकतीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, हे त्या सांगू शकल्या असत्या. ती सबब त्यांना नको होती.

रुचिताला तासभर आत झोपवून ठेवलं. बाहेर नीलाताई बाकड्यावर बसल्या, शेजारी त्यांची पिशवी. सुमतीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"सुमतीबाई," नीलाताई समोर बघतच म्हणाल्या, "पंधराव्या दिवशी माझं दूध आटलेलं. आठवतंय?"

"आठवतंय."

"सासूबाई जाईपर्यंत बोलत होत्या. आलागेला असला की त्याच्यासमोर. हिच्या अंगावर दूध नाही, पोर डब्यावर वाढवली. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे." त्या थांबल्या. "ते पाण्यामुळं झालं का?"

सुमतीबाईंना आपल्या सासूचं, बायजाचं नाव घेता आलं असतं. तेव्हा सगळीकडं तसंच होतं, हेही खोटं ठरलं नसतं. पण समोरची बाई एकतीस वर्षांनी विचारत होती.

"नक्की नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण असेल. तुम्ही पाणी मागायचात. मीच तांब्या उचलून बाहेर न्यायचे."

नीलाताईंनी डोळे मिटले. पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. सुमतीबाईंचे पाय भरून आले होते, तरी त्या हलल्या नाहीत. आत कुणीतरी ट्रे ठेवल्याचा आवाज झाला.

मग नीलाताईंनी बाकड्यावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोड्या सरकून बसल्या.